सोमीबाईचे गरुड

माझ्याजवळ चष्मा होता, पण तो पर्समध्ये होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं खापर कोणी धुक्यावर किंवा गरुडांवर फोडू नये.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. मी तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांची, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका शाळेत शास्त्र शिकवणारी बाई. फळ्याकडे तोंड केलं की चष्मा डोळ्यांवर, मुलांकडे वळलं की पर्समध्ये. चष्म्याने नाकावर खड्डे पडतात आणि बाई प्रौढ दिसते, असं माझं मत होतं. दोन मुलांची आई प्रौढ दिसू नये म्हणून मी रस्त्यात किती ओळखीच्यांना न ओळखता पुढे गेले असेन, देव जाणे. लोक म्हणत, बाई शिष्ट आहेत. मी म्हणे, शिष्ट चालेल, चष्मिष्ट नको.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी अंबरनाथचे टिपणीस साहेब शाळेत आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, कडक इस्त्रीचे, दर दोन वाक्यांनी घड्याळ बघणारे. त्यांनी मुलांना सांगितलं, की पावसाळा सरला की उत्तरेकडचे शिकारी पक्षी, म्हणजे गरुड, ससाणे आणि त्यांची भावकी, दक्षिणेकडे निघतात. मलंगगडापासून चंदेरीपर्यंतची आपली डोंगररांग त्यांच्या वाटेवर आहे. ऊन तापलं की डोंगराच्या अंगावरून हवा वर चढते, तिच्यावर हे पक्षी पंख न हलवता गोल गोल चढतात आणि तिथून पुढच्या डोंगरापर्यंत घसरत जातात. इथे ते कोणी मोजलेले नाहीत, आपण मोजू. एक ठाणं अंबरनाथच्या बाजूला, तिथे ते स्वतः बसणार. दुसरं बदलापूरच्या पुढे, चंदेरीच्या अलीकडच्या माळावर. पहिल्या ठाण्यावरून गेलेला पक्षी साधारण अर्ध्या तासाने दुसऱ्यावरून जाणार. दोन्ही आकडे जुळले तर मोजणी खरी, नाहीतर गप्पा. दुसऱ्या ठाण्याला माणूस हवा होता.

मी हात वर केला. निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे दिवाळीच्या चकल्या सासूबाईंच्या देखरेखीखाली होत, आणि माझ्या चकलीला काटे येत नसत. पाच-सहा दिवस डोंगरावर म्हणजे पाच-सहा दिवस सोऱ्यापासून सुटका. घरी म्हटलं, "गणनेचं काम आलंय." शिक्षकांना जनगणनेला जुंपतात हे सासूबाईंना ठाऊक होतं. "दिवाळीत?" त्या म्हणाल्या, "सरकारला घरदार नाही का?" मी उसासा टाकला. उसासा फार छान जमला होता. गणना कोणाची हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मांजर्ली

मुक्काम मावशीकडे ठेवला. तिचं घर बदलापूरच्या मांजर्लीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या खोलीत भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. मावशीने त्या रेघेच्या वर ओळीने खिळे ठोकून कॅलेंडर, आरसा आणि देवांच्या तसबिरी टांगल्या होत्या. "खाली काही लावत नाही," ती म्हणाली. "देव भिजतात." आमच्या कॅम्पात पाण्यासाठी पहाटे नळाशी भांडावं लागे, इथे पाणी आपणहून घरात येई. दोन्ही ठिकाणची माणसं आपलंच पाणी बरं म्हणत.

मावशीने रात्री वालाचं बिरडं केलं आणि मला विचारलं, "घारी मोजायला शिकलीस कुठे?" मी तिला टिपणीस साहेबांचा छापील तक्ता दाखवला: वेळ, जात, संख्या, दिशा, निरीक्षक. त्यांची दुर्बीणही दाखवली. एवढी सामग्री असल्यावर शिकायचं काय उरतं, असा माझा चेहरा असावा. मावशीने बिरड्यात ओलं खोबरं घातलं.

माळावर

सकाळी स्टेशन ओलांडून पलीकडे गेले. थोडं एसटीने, मग तासभर पायी. भातं कापून झालेली, खाचरांत पेंढ्या पडलेल्या, वाटेवर खेकड्यांची बिळं. माझ्या पायात नवी कोल्हापुरी होती, कारण डोंगरावर जातानाही माणसाने नीट दिसावं. पहिल्याच चढावर तिचा अंगठा तुटला. उरलेली वाट मी एका पायाने अनवाणी आणि एका पायाने नीट दिसत चढले.

वर माळावर नाचणीचा एक तुकडा अजून उभा होता. त्याच्या कडेला चार खांबांचं मचाण, आणि मचाणावर पन्नाशीची एक ठाकर बाई गोफण मांडीवर ठेवून बसलेली. तिने मला खालून वरपर्यंत बघितलं. विशेषतः खाली.

"कोन तू?"

"मी बाई. शाळेतली."

"बाय त दिसतेच हायेस. हितं काय करतेस?"

"पक्षी मोजायला आलेय. गरुड, ससाणे."

"कोनाचं?"

"कोणाचेच नाहीत."

"मंग कशाला मोजतेस? आपलं असंल त्ये मोजावं."

हिचं नाव सोमीबाई. माळाखालच्या ठाकरवाडीतली सगळी माणसं एकमेकांना आणि परक्यालाही 'तू' म्हणत. मी कॅम्पातली 'बाई', सिंधी दुकानदारांची 'टीचर', मला ते पहिल्या दिवशी चांगलंच टोचलं. मी मुद्दाम तिला 'तुम्ही' म्हणत राहिले, म्हणजे तिला आपली चूक कळेल. तिला वाटलं, मी तिच्या मागे उभ्या असलेल्या आणखी कोणाशी बोलतेय. तिने दोनदा वळून बघितलं.

दुर्बिणीचं एक असतं. तिच्यातून चष्म्याशिवायही दिसतं, पण पक्षी आकाशात कुठे आहे हे आधी उघड्या डोळ्यांनी दिसावं लागतं, मग दुर्बीण तिथे न्यायची. मला उघड्या डोळ्यांना आकाश दिसे, तेही एकसंध. दुर्बीण लावली की तेच आकाश जवळून दिसे. तासाभरात मी निळ्या रंगाच्या बऱ्याच छटा पाहिल्या. तेवढ्यात मचाणावरून सोमीबाई म्हणाली, "त्ये बघ, थवा चालला. तुला मोजायचा व्हता ना?"

मी दुर्बीण त्या दिशेला रोखली आणि भारदस्त आवाजात म्हटलं, "सोमीबाई, तुम्ही मोजून सांगा. मी लिहिते." जणू तिच्यावर उपकारच.

तिने मोजायला सुरुवात केली. आवाज एकसुरी, घाई नाही. "लाभ, दोन, तीन, चार, पाच..." वीस झाले की ती मचाणाच्या फळीवर एक खडा ठेवी आणि पुन्हा "लाभ, दोन, तीन..." मी तिच्या प्रत्येक आकड्याला तक्त्यावर एक रेघ मारत गेले. 'लाभ'ला रेघ मारली नाही. पत्राच्या डोक्यावर श्री लिहितात, तसं मोजणीच्या आधी ती देवाचं नाव घेत असावी असं मी धरलं. तिच्या खड्यांकडे मी लक्ष दिलं नाही. कागद-पेन्सिल असताना खडे कशाला?

मग बराच वेळ शांतता. आणि अचानक मचाणावरून नुसतंच, "लाभ."

मी पेन्सिल सरसावून थांबले. पुढे दोन नाही, तीन नाही. सोमीबाई सुपारी चघळत होती.

"लाभ का म्हणालात?"

"शुभ असतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भारद्वाज दिसला की आपल्याकडे शुभ मानतात, तसंच हे. तक्त्यात भारद्वाजाला जागा नव्हती, तो शिकारी पक्षी नव्हे. पण माझ्याकडे एक वेगळी वही होती. तिच्यात मी लोकश्रद्धा टिपून ठेवी, पुढेमागे एखाद्या दिवाळी अंकाला लेख देता येईल म्हणून. तिच्यात लिहिलं: 'ठाकर समाजात भारद्वाज दिसताच "लाभ" म्हणण्याची सुंदर प्रथा आहे. वेळ १०.४०.' नंतर दर वेळी वेळ टिपत गेले. तीन दिवसांत त्या उघड्या माळावर एवढे भारद्वाज आले कुठून, हा प्रश्न शास्त्राच्या बाईंना पडला नाही.

दुपारी आम्ही डबे उघडले. तिच्याकडे नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. माझ्याकडे आमच्या सिंधी शेजारणीने प्रवासासाठी दिलेल्या कोक्या, कांदा-मिरची घातलेल्या, जाड, दोन दिवस टिकणाऱ्या. सोमीबाईने कोकी दोन्ही बाजूंनी बघितली. "ही भाकर हाय का चपाती?"

"दोघींच्या मधली."

"मंग तुज्यासारखी हाय," ती म्हणाली. "ना गावची ना डोंगराची." आणि अख्खी खाल्ली. त्यानंतर मी तिला रोज कोकी आणली आणि तिने मला रोज चटणी दिली, जिने माझ्या डोळ्यांत पाणी येई आणि जे काही थोडंफार दिसत होतं तेही बंद होई.

तिसरी संध्याकाळ

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टिपणीस साहेब स्कूटरवरून मांजर्लीला आले. मावशीने चहा ठेवला. त्यांनी माझा तक्ता आपल्या तक्त्याशेजारी ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचे पक्षी पूर्वेच्या डोंगरावरून गेले? इथे पूर्वेला डोंगर कुठे आहे?"

"आहे ना. स्टेशनच्या पूर्वेला."

वाचकहो, बदलापूरला स्टेशनच्या ज्या बाजूला सगळे 'पूर्व' म्हणतात, तिथेच डोंगरामागे सूर्य मावळतो. रेल्वेची पूर्व वेगळी आणि सूर्याची वेगळी. गावात कोणाला त्याची अडचण नव्हती. मलाही नव्हती, आणि मी भूगोलाच्या तासालाही बदली जात असे. साहेबांनी लाल पेनाने दिशेचा अख्खा रकाना दुरुस्त केला. मग थवे ताडून पाहिले. त्यांच्या त्रेसष्टला माझे एकोणसाठ. "थव्यात दोनचार इकडेतिकडे चालतात," ते म्हणाले. "एकटे गरुड किती?"

"एकही नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "माझ्याकडे अकरा आहेत. थव्यातले ससाणे सोडा, ही सगळी मोजणी मी या गरुडांसाठी मांडलीय. अकरा गरुड माझ्या डोक्यावरून तुमच्याकडे निघाले आणि पोचलेच नाहीत? मध्ये कुठे उतरले, अंबरनाथच्या देवळात दर्शनाला? बघत कोण होतं?"

मी, असं उत्तर होतं. मावशी कपबशा घेऊन दारात उभी होती. पर्स माझ्या मांडीवर होती.

"वाडीतली एक बाई," मी म्हटलं. "तिला लांबचं दिसत नसावं."

"मग उद्यापासून ती नको. तुम्ही स्वतः बघा."

मावशीने चहा इतका जोरात ठेवला की बशीत सांडला. मी तो पुसून घेतला.

विहिरीवर

सकाळी वाडीतूनच गेले. सोमीबाई विहिरीवर होती, बरोबर तिची सून पारू आणि आणखी चार बायका. तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "सोमीबाई, आजपासून तुम्ही मोजू नका. तुम्हाला लांबचं दिसत नाही. मोजण्यात चुका होतायत."

तिने दोर धरून ठेवला. "चुका? माज्या मोजन्यात?"

"हो. कागदावर आहे सगळं."

"कागदावर हाय," ती म्हणाली. तिने माझ्या हातातल्या तक्त्याकडे पाहिलं, कळशी उचलली आणि गेली. मागे वळली नाही. बायका दोर सोडून माझ्याकडे बघत राहिल्या.

पारू थोड्या वेळाने माझ्या मागोमाग चढावावर आली. धापा टाकत, रागाने लाल. "तू काय क्येलंस ठावं हाय का तुला?"

"खरं ते सांगितलं."

"आमच्या खळ्यावर तीन घरांचं भात एकत्र झोडतात. मंग पायलीनं मोजून वाटनी. कोन मोजतं? माजी सासू. सतरा वर्सं. तिच्या तोंडचा आकडा म्हंजी आकडा, कोनी परत मोजत नाय. परवा वाटनी हाय. आन आता दुसऱ्या घरचा कान्हू म्हनतो, मास्तरीनच बोलली नजर ग्येली, औंदा पायली मी धरनार. त्याचा डोळा कवाचा त्या जागंवर."

"अगं, पण चूक होत असेल तर..."

"सतरा वर्सांत एक पायली हिकडंतिकडं नाय झाली. तुजी दोन पाखरं चुकली म्हून तिनं आता कोपऱ्यात बसून सुपानं पाखडायचं?"

मला वाईट वाटलं. पण खरं ते खरं, असं मी स्वतःला बजावलं. मग दिवसभर एकटी माळावर बसले आणि स्वतः बघितलं. एकदा चंदेरीच्या सुळक्याच्या टोकावर गरुड बसलेला दिसला. वीस मिनिटं मी त्याच्यावर दुर्बीण धरून होते, साहेबांना सांगायचं वर्णन मनात जुळवत होते. त्याने मान एकदाही हलवली नाही. तो दगड होता. संध्याकाळी तक्त्यावर 'निरंक' लिहून खाली उतरले.

पणत्या

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सासूबाईंचा निरोप होता, की गणना कितीही मोठी असली तरी पणत्या आणून द्या. म्हणून कॅम्प पाचला आले आणि नेहमीच्या सिंधी चाचांच्या दुकानात गेले. फुटपाथवर पणत्यांचा ढीग, गर्दी ही. मी दोन डझन मागितल्या. चाचा उकिडवे बसून पणत्या टोपलीतून माझ्या पिशवीत टाकू लागले. "बरकत... ब... टे... चार... पंज..."

सिंधी आकडे बारा वर्षांच्या शेजाराने मला तोंडपाठ होते. हिकु, ब, टे. "चाचा, हिकु राहिला," मी म्हटलं. "तुमने दो से गिना."

"अरे टीचर, हिकु डाल दिया ना. वो बरकत बोला तो हिकुच है."

"म्हणजे?"

"माल गिनने का तो पहले को हिकु नहीं बोलते. बरकत बोलते. शुभ होता है. तुम्हारे गाँव वाले भी बोलते ना, क्या तो, लाभ?"

शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "हो हो, आमच्याकडे धान्य मोजताना लाभच म्हणतात." चाचांनी पुढे मोजलं. छह, सत, अठ. मी तिथेच फुटपाथवर पणत्यांच्या पिशवीशेजारी खाली बसले.

गिरगावात जन्मले, उल्हासनगरात सासर, आयुष्यात कधी खळं पाहिलं नाही. दर विसाला एक रेघ कमी. एकेकटा आलेला प्रत्येक गरुड माझ्या वहीत भारद्वाज. आणि पारूची सासू कोपऱ्यात सूप घेऊन.

"टीचर, चौबीस हो गई," चाचा म्हणाले. "तबियत ठीक है?"

पणत्या घरी ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "आलीच आहेस तर चकल्या..." मी म्हटलं, "गणनेत माझी चूक झालीय." त्या म्हणाल्या, "मग जा बाई, सरकारशी वाकडं नको." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशी खरं बोलले होते.

अंबरनाथ

टिपणीस साहेब आपल्या ठाण्यावरून नुकतेच उतरले होते, बुटांना गवताची कुसळं. मी वही पुढे केली. त्यांनी वाचलं, "ठाकर समाजात भारद्वाज दिसताच... हे काय आहे?"

"त्या वेळा तुमच्या अकरा गरुडांशी लावून बघा."

त्यांनी पट्टी काढली. माझ्या दहा चाळीसच्या आधी त्यांचे दहा दहा, साडेअकराच्या आधी अकरा. प्रत्येक 'भारद्वाज' त्यांच्या गरुडानंतर पंचवीस-तीस मिनिटांनी. अकराच्या अकरा जुळले. वहीत तीन उरले.

"हे तीन माझ्याकडे नाहीत."

"तिच्याकडे आहेत."

त्यांनी पट्टी पुन्हा लावून पाहिली. "माझ्या ठाण्यासमोरच्या सुळक्याच्या पलीकडून गेले असतील. मला तिथलं दिसत नाही." मग मान वर करून म्हणाले, "पण तिने 'लाभ' म्हटल्यावर तुम्ही वर बघितलं असेल ना? भारद्वाज आणि गरुड यांत फरक दिसला नाही?"

मी पर्स उघडली, चष्मा काढला आणि लावला. साहेबांच्या मिशीत बऱ्यापैकी पांढरे केस होते, हे मला तेव्हा कळलं.

"हा कधीपासून?"

"नववीपासून."

त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईला मी येऊन सांगू का?"

"नको. मी बोलले, मीच निस्तरते." हे वाक्य ऐकायला शूर वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीच्या थांब्यावर दोन गाड्या सोडल्या.

खळं

वाडीत पोचले तेव्हा वाटणी सुरू झाली होती. शेणाने सारवलेलं गोल खळं, मध्ये भाताची रास, भोवती तिन्ही घरची माणसं. कान्हू पायली भरून एका बाजूला ओतत होता, "बारा, तेरा..." सोमीबाई कडेला पाठ करून सुपाने पाखडत होती. चष्म्यातल्या मला कोणी पटकन ओळखलं नाही. पारूने ओळखलं. "आली परत," ती मोठ्याने म्हणाली.

कान्हूने चौदावी पायली ओतली. मी खळ्याच्या कडेशी उभी राहिले आणि या वेळी वर्गातला आवाज मुद्दाम लावला, कारण विहिरीवर तोच लावला होता.

"सोमीबाईंची नजर गेलेली नाही. माझी नजर कमी आहे आणि मी ते लपवलं. त्यांनी एकूण एक पक्षी बरोबर मोजला. साहेबांनी स्वतः ताडून पाहिलं. साहेबांच्या डोळ्यांतून सुटलेले तीनही त्यांनी पाहिले. 'लाभ' म्हणजे एक, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांचा प्रत्येक एक सोडून दिला."

मग राशीमागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी मास्तरनीला एक येत नाय?"

"शाळंत दोनापासनं शिकवत असंल," पारू म्हणाली.

खळ्यावर जे हसू उसळलं ते बराच वेळ थांबेना. बायका पदर तोंडाला लावून, पुरुष उघड. एकाने मला एक बोट वर करून दाखवून विचारलं, "ह्ये किती गं बाय?" मी खाली बघत राहिले. तेव्हा मला हसू आलं नाही. आता हे लिहिताना दोनदा पेन ठेवावं लागलं.

सोमीबाईचं सूप थांबलं होतं, पण ती वळली नव्हती. कान्हू म्हणाला, "बरं झालं, उमगलं. पर चौदा झाल्यात आता. औंदा ऱ्हाऊ दे, फुडल्या साली बसंल ती." आणि पंधरावी भरायला वाकला.

सोमीबाई उठली. सूप भिंतीला टेकवलं, लुगड्याला हात पुसले, राशीपाशी आली. "वत."

"काय?"

"मागारी वत समदं. तुज्या चौदावर माजा पंधरा बसत नाय."

कान्हूने तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. चौदा पायल्या परत राशीत, म्हणजे सगळा उन्हाचा वेळ फुकट. म्हातारा तंबाखू मळत होता. त्याने चिमूट ओठात धरली, हात झटकले. "वत रं," तो म्हणाला. "तिच्या हातची मोजनी घरात न्यायला बरी वाटती."

चौदा पायल्या राशीत परत गेल्या. कान्हू ओतत होता. सोमीबाई मांडी घालून बसली, पायली हातात घेतली. मी तिच्याजवळ गेले. "माझं चुकलं, सोमीबाई."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं." मग शेजारची जमीन हाताने साफ केली. "हितं बस. वीस झालं का एक खडा टाक. तेवढं येतं का?"

"येतं."

"लाभ," ती म्हणाली, आणि पहिली पायली ओतली. दोन. तीन. भात ओतल्याचा आवाज आणि तिचा आवाज, दोन्ही एका लयीत. सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, पायलीकडे कोणी बघत नव्हतं. अकरा. बारा. उन्हात सारवणाचा वास येत होता. सोळा. सतरा.

राशीवरून एक सावली सरकत गेली, मोठी, संथ. मी वर बघितलं. पंख दोन्हीकडे सरळ पसरलेले, टोकांना बोटांसारखी सुटी सुटी पिसं, शेपूट आखूड. तो एकदा वळला तेव्हा पोटावरची तपकिरी स्पष्ट दिसली. पंख एकदाही न हलवता तो चंदेरीकडे निघाला होता. दुर्बीण नव्हती, लागलीच नाही. तक्ता पर्समध्ये, पर्स खळ्याच्या पलीकडे, माझ्या मुठीत खडे. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

शेजारचा आवाज थांबला होता, हे मला जरा उशिरा कळलं. सोमीबाई रिकामी पायली धरून बसली होती. तिने मान वर केलेली नव्हती.

"ग्येला तो," ती म्हणाली. "वीस झालं. खडा टाक."